मोठ्यांचा आणि मुलांचा ॲप्रन घरी कसा शिवावा

भाचीसाठी पहिला ॲप्रन बेतला तेव्हा मी मोठ्या ॲप्रनची मापं सरळ निम्मी केली होती. गळ्याचा पट्टा तिच्या डोक्यातून जाईना आणि मागची गाठ तिला स्वतःला मारता येईना. अंग निम्मं असलं तरी डोकं निम्मं नसतं! तेव्हापासून मुलांचा ॲप्रन मी वेगळ्या मापांनी बेतते आणि त्याचे बंदही वेगळे करते.

कापड घट्ट विणीचं, सुती घ्या. मुलांना पॉपलिन पुरतं, मोठ्यांना ड्रिलसारखं जाड कापड बरं. सिंथेटिक कापड आचेजवळ वितळून अंगाला चिकटतं, म्हणून स्वयंपाकाच्या ॲप्रनला ते नकोच. ११० सेंमी पन्ह्याच्या (रुंदीच्या) सव्वा मीटरमध्ये मोठ्यांचा एक ॲप्रन पट्ट्या आणि खिशासकट बसतो. कापण्याआधी कापड धुऊन, वाळवून इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी शिवून मग धुतलं, तर शिवणी चुण्या पडून गोळा होतात.

आता मापं. रुंदीसाठी नितंबाच्या घेराचे दोन तृतीयांश धरा आणि दुमडीसाठी ३ सेंमी वाढवा. मध्यम बांध्याच्या मोठ्या माणसाला ७० सेंमी रुंद, ९० सेंमी लांब तुकडा लागतो. छातीवरचा भाग वर २८ सेंमी रुंद आणि मुंढ्याची (बगलेजवळच्या बाकाची) खोली ३० सेंमी. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला ४२ बाय ५५ सेंमी, छातीला २० आणि खोली १७ सेंमी. ६ ते ९ वर्षांना ५० बाय ६५, छातीला २२ आणि खोली २१. तरी मूल समोर उभं करून टेप लावून बघाच, एकाच वयाची दोन मुलं सारखी नसतात.

तुकडा उभा मधोमध दुमडा. वरच्या कडेवर घडीपासून छातीच्या रुंदीच्या निम्म्यावर खडूने खूण करा, बाजूच्या कडेवर मुंढ्याच्या खोलीइतकं खाली दुसरी खूण. दोन्ही खुणा आत वळणाऱ्या बाकाने जोडा आणि दोन्ही पदर एकदम कापा.

ॲप्रन बिघडतो तो या बाकावर. इथे कापड उरेप, म्हणजे विणीला तिरकं, कापलं जातं, त्यामुळे नुसतं हाताळलं तरी ताणतं आणि कड लाटेसारखी होते. म्हणून इतर काहीही करण्याआधी कडेपासून ६ मिमी आत एक टीप मारून ठेवा. मग दर २ सेंमीवर टीपेपर्यंत बारीक कात्रे द्या, टीप तुटू देऊ नका. टीपेवरच कड आत दुमडून इस्त्री फिरवा, पुन्हा तेवढीच दुमडा, टाचण्या लावा आणि कापड न ओढता हळू शिवा. टाका २.५ मिमीचा ठेवा.

दोन्ही बाजू दुहेरी दुमडून शिवा. खाली आणि छातीच्या वरच्या कडेला ३-३ सेंमी दुमड धरा.

पट्ट्यांसाठी ८ सेंमी रुंद पट्टी कापा. दोन्ही कडा मध्यरेषेपर्यंत दुमडा, पुन्हा निम्म्यात दुमडा आणि कडेने टीप मारा. २ सेंमीचा चार पदरी पट्टा तयार होतो, पट्टी उलटवायची कटकट नाही. मोठ्यांना गळ्यासाठी ६० सेंमीची एक आणि कंबरेसाठी १०० सेंमीच्या दोन पट्ट्या पुरतात. कंबरेचे बंद बाक संपतो त्या कोपऱ्यात लावा. प्रत्येक जोडावर चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारा, कारण सगळी ओढ तिथेच येते.

मुलांच्या गळ्याला न सुटणारा फास कधीच करू नका. पट्टा कुठे अडकला तर तो आपोआप सुटला पाहिजे. एक टोक पक्कं शिवा. दुसऱ्या टोकाच्या आतल्या बाजूला वेल्क्रोची मऊ पट्टी लावा, आणि खरखरीत पट्टी छातीच्या कोपऱ्यावर बाहेरच्या बाजूला. म्हणजे मानेला टोचत नाही. कंबरेलाही लोंबते बंद नकोत. कंबरेच्या घेरातून ॲप्रनची रुंदी वजा करून १० सेंमी वाढवा, तेवढा एकच पट्टा मागून आणून कुशीवर वेल्क्रोने चिकटवा. कुशीपर्यंत मुलाचा हात पोचतो, त्यामुळे ॲप्रन त्याला एकट्याने घालता येतो. वेल्क्रो धुताना मिटवून ठेवा, नाहीतर दोरे धरतं.

खिसा हवा असेल तर २२ बाय २० सेंमीचा तुकडा कंबरेच्या जरा खाली लावा.

गळ्याच्या पट्ट्याचं दुसरं टोक, किंवा मुलांचं वेल्क्रो, पक्कं करण्याआधी टाचणीवर ठेवून ॲप्रन घालून बघा. मुलाला दोन्ही हात वर करायला आणि मग खाली वाकायला सांगा. मानेला काचतोय असं वाटलं, तर पट्टा २ सेंमी सैल करून मगच शिवा.