पीएचडीचा आराखडा लिहिण्यापूर्वी

पीएचडीला प्रवेश घेतल्यावर ज्ञानाच्या निर्वसाहतीकरणाची, म्हणजे वसाहतकाळापासून चालत आलेल्या पाश्चात्त्य चौकटींच्या वर्चस्वातून ज्ञान सोडवण्याची चर्चा लवकरच कानी पडते, आणि संदर्भसूचीत आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतील अभ्यासकांची काही नावे घातली की काम झाले, असा समज सहज होतो. माझा अनुभव असा की खरी कसोटी त्याच्या बरीच आधी, आराखडा लिहिताना लागते, कारण संशोधनाचा प्रश्न मुळात कोणाला पडला आहे, हे तिथेच ठरते. मलेशियाचे समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी १९७०च्या दशकात ‘बंदिस्त मना’ची संकल्पना मांडली ती याच दुखण्यावर: बाहेरच्या चौकटी न तपासता स्वीकारणाऱ्या अभ्यासकाला स्वतःच्या समाजाचे प्रश्नही स्वतंत्रपणे मांडता येत नाहीत.

माणसांवरील संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी आवश्यक असली तरी तेवढ्यावर विसंबू नये. अमेरिकेतील हावासुपाई या आदिवासी समाजाने १९९०पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्ताचे नमुने दिले होते. संमतिपत्रावर सह्याही होत्या, पण त्यातील मजकूर इतका ढोबळ होता की तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया आणि प्राचीन स्थलांतर यांच्या अभ्यासासाठीही वापरले गेले. अखेर २०१० मध्ये हे संशोधन करणाऱ्या ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या नियामक मंडळाने तडजोड करून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. म्हणून सामग्री कोणाच्या ताब्यात राहील आणि दुसऱ्या कामासाठी वापरायची झाल्यास पुन्हा कोणाला विचारावे लागेल, हे संमतिपत्रातच स्पष्ट लिहावे. दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी समाजाने तर २०१७ मध्ये स्वतःचीच संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. तिच्यानुसार प्रस्ताव आधी त्यांच्या परिषदेपुढे मांडावा लागतो.

यात वेळ जातो, हे मान्यच करायला हवे. ज्यांच्यावर संशोधन आहे त्या लोकांना मसुदा वाचून दाखवणे, त्यांच्या हरकतींप्रमाणे प्रकरण पुन्हा लिहिणे, सहलेखनाचे श्रेय ठरवणे, यांपैकी काहीही शिष्यवृत्तीच्या मुदतीत मोजले जात नाही (निर्वसाहतीकरणावर उत्साहाने परिसंवाद भरवणारे विभागही मुदतवाढ देताना हात आखडता घेतात). त्यामुळे हे टप्पे वेळापत्रकात पहिल्यापासूनच, स्वतंत्र कामे म्हणून दाखवावेत आणि मार्गदर्शकांची लेखी संमती घ्यावी. बहिःस्थ परीक्षक सहसा पद्धतीच्या प्रकरणावरच बोट ठेवतात. तिथे लोकांच्या हरकतींमुळे कोणता निष्कर्ष बदलला, हे उदाहरणासह लिहिलेले असल्यास तोंडी परीक्षेत बचाव करणे बरेच सोपे जाते.