यवतेश्वर घाटात लाव्हाचे थर कसे ओळखावेत

साताऱ्याहून कासला जाताना लागणाऱ्या या घाटात पोरांना मी आधी हातोडा पिशवीतच ठेवायला लावतो. नुसतं बघा. घट्ट काळा कातळ म्हणजे थराचं पोट. वर जाल तसा तो भोकाभोकांचा होतो. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे वर आले नि तिथेच अडकले. भोकात पांढरं काही चमकलं, तर चाकूने ओरखडून पाहा: ओरखडा उठला तर झिओलाइट किंवा कॅल्साइट ही मऊ खनिजं, नाही उठला तर क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी. माथ्यावर तांबडा मातकट पट्टा दिसला, की थर संपला. हे सगळं सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचं.

कासला जांभा लागतो. पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह-ॲल्युमिनियम उरलं. बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा दगड, असंच तयार होतं. सोनं कुठे, हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. त्यासाठी कर्नाटकातलं कोलार गाठा, तिथले ज्वालामुखी खडक 250 कोटी वर्षांहून जुने.