टिमकी न वाजवता आपलं काम कसं दाखवायचं

सांगलीत मी हळद, बेदाणा, भडंग यांची पाकिटं डिझाइन करते. पाकिटावर व्यापाऱ्याचं नाव असतं, पत्ता असतो, वजन, एमआरपी, सगळं असतं. डिझाइन करणारीचं नाव कुठेच नसतं. त्यामुळे 'काम चांगलं असलं की काम बोलतं' हे निदान आमच्या धंद्यात खरं नाही. पाकीट बोलतं ते हळदीबद्दल.

लाज वाटते ती 'मी किती भारी' म्हणायची. मग ते म्हणूच नका, कामातला एखादा निर्णय सांगा. हळदीच्या पाकिटाला पुढे मोठी पारदर्शक खिडकी हवी, असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. माल दिसला पाहिजे ना! पण हळदीला पिवळा रंग देणारं कुरकुमिन उजेडात टिकत नाही. दाराजवळच्या रॅकवर पाकीट पडून राहिलं की खिडकीमागची हळद फिकी पडते. म्हणून मी खिडकी लहान करते आणि मागच्या बाजूला घेते. पोस्ट हीच: पाकिटाचे पुढून-मागून दोन फोटो, 'खिडकी मागे का?' एवढा मथळा आणि खाली चार ओळी. यात फुशारकी कुठे आली? व्यापाऱ्याला उपयोगाचं कळलं, आणि हे जाणणारी बाई सांगलीतच आहे हेही कळलं. शेवटी 'डिझाइन माझं' हे दोन शब्द मात्र हवेतच. तिथे बोट अडतं, ठाऊक आहे. तरी टाका.

विषय शोधायला लांब जावं लागत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचा लोगो कुणीही उठून छापायचा नसतो, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. घ्या, एवढ्यावरच एक पोस्ट झाली.

फोटो टाकण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा. माल बाजारात यायच्या आधी तर नकोच.

वेळही बघा. नवी हळद मार्केट यार्डात येते उन्हाळ्याच्या तोंडावर. पाकिटाचा विचार त्याच्या आधी होतो. म्हणून मी दिवाळी उरकली की व्हॉट्सॲपचा कॅटलॉग ताजा करते आणि जुन्या गिऱ्हाइकांना लिंक पाठवते. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकत नाही. तिथे अंगठे मिळतात, ऑर्डर नाही.

लग्नात कुणी 'काय करता?' विचारलं की 'असंच, कॉम्प्युटरवर थोडंफार' हे उत्तर बंद. 'मी मसाल्याची आणि बेदाण्याची पाकिटं डिझाइन करते,' एवढं बोलून थांबायचं. पुढचं विचारलं तर सांगायचं, नाहीतर जिलेबी आहेच.

आणि व्यापारी 'छान झालंय' म्हणाला, तर 'छे हो, काही विशेष नाही' म्हणू नका. त्याने त्यासाठी पैसे मोजलेत. 'आवडलं ना? मग यार्डात आणखी कुणाला हवं असेल तर माझा नंबर द्या,' असं त्याच दमात म्हणा.