सीएएचचे वाहक ओळखण्यासाठी एसीटीएच चाचणी : तयारी, नमुने आणि आकड्यांचा अर्थ

जन्मजात ॲड्रिनल अतिवृद्धी, म्हणजे सीएएच, या मूत्रपिंडांवर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या आनुवंशिक आजाराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम कमी पडते. ते तयार करणाऱ्या सीवायपी२१ए२ जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि दुसरी धड असेल, तर ती व्यक्ती वाहक असते. वाहकाला आजार नसतो, औषधही लागत नाही. मात्र जोडीदारही वाहक निघाला, तर प्रत्येक खेपेला मूल बाधित असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून तपासणी करायची ती गर्भ राहण्याआधी.

रुग्णाच्या आई-वडिलांना या चाचणीचा फायदा नाही. ते जवळजवळ नेहमी वाहक असतातच. जनुकात नव्यानेच बिघाड झाल्याची उदाहरणे थोडी. उपयोग होतो तो रुग्णाच्या निरोगी भावंडांना, मामा-मावशी, काका-आत्यांना आणि या सगळ्यांच्या जोडीदारांना. निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. ज्याच्या घरात आजार नाही अशा व्यक्तीची साधारण साठात एक. दोन्ही गुणून त्याला पुन्हा चारने भागले, की अशा जोडप्याच्या बाळाचा धोका सुमारे ३६०त एक येतो. तपासणीने हा आकडा वर किंवा खाली सरकवायचा असतो.

वाहकाकडे निम्मे एन्झाइम असते आणि रोजच्या गरजेला ते पुरते. त्यामुळे सकाळच्या साध्या रक्तात १७-ओएचपी (१७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, म्हणजे हे एन्झाइम कमी पडले की साठणारा हार्मोन) बहुधा निरोगी माणसाइतकेच येते. ॲड्रिनल ग्रंथीला चालना देणारा एसीटीएच हा हार्मोन देऊन तिला जोराने कामाला लावले, की कुठे अडते ते दिसते.

तयारीत ढिलाई झाली, तर पुढची सारी मेहनत वाया जाते. पाळी येणाऱ्या स्त्रीची चाचणी पाळीच्या ३ ते ५व्या दिवशी ठेवा. बीजमोचनानंतर अंडाशयातूनही १७-ओएचपी येते, त्यामुळे वाहक नसलेलीही वाहक वाटू शकते. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसोलला (ॲड्रिनलच्या मुख्य हार्मोनला) बांधणारे प्रथिन वाढते आणि एकूण कॉर्टिसोल फुगलेले दिसते. स्टेरॉइड कोणत्याही वाटेने घेतले, मग तो दम्याचा पंप असो, मलम असो की सांध्यातले इंजेक्शन, ग्रंथी दबते आणि खरा वाहकही निरोगी भासतो. म्हणून सर्व औषधांची यादी आधीच डॉक्टरांना द्या. नियमित चालू असलेले स्टेरॉइड मात्र स्वतःहून बंद करू नका. ते जिवावर बेतू शकते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्याही सांगा, काही यंत्रांचे आकडे त्याने बिघडतात.

चाचणी सकाळी ८च्या सुमारास सुरू करतात. शिरेत कॅन्युला बसवून पहिला नमुना घेतात. मग कॉसिंट्रोपिन, म्हणजे कृत्रिम एसीटीएच, २५० मायक्रोग्रॅम (दोन वर्षांखालील बाळाला १२५) सलाईनमध्ये मिसळून सुमारे २ मिनिटांत शिरेत देतात आणि मागून सलाईनने कॅन्युला धुतात. बरोबर ६० मिनिटांनी दुसरा नमुना. इंजेक्शनची आणि रक्त घेतल्याची वेळ नळीवर लिहा. अंदाजे लिहिलेला तास पुढे अर्थ लावताना नडतो. ॲलर्जीची प्रतिक्रिया क्वचित येते, पण तिच्यावरचे उपचार हाताशी हवेत. स्नायूत द्यायचे दीर्घकाळ टिकणारे एसीटीएच वापरले असेल, तर त्याचा चढउतार वेगळा असतो. ६० मिनिटांचे निकष त्याला लावू नका.

दोन्ही नमुन्यांत १७-ओएचपी आणि कॉर्टिसोल मोजतात. प्रयोगशाळेत सोय असेल, तर २१-डिऑक्सिकॉर्टिसोल अवश्य मागा आणि मोजणी मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वजनावरून नेमके मोजणाऱ्या पद्धतीने) करून घ्या. साठलेल्या १७-ओएचपीवर ११-बीटा-हायड्रॉक्सिलेजची क्रिया झाली, की २१-डिऑक्सिकॉर्टिसोल बनते. हे एन्झाइम मुख्यतः ॲड्रिनलमध्ये असल्याने अंडाशयाचा गोंधळ इथे फारसा येत नाही. वाहक वेगळे काढायला हा घटक १७-ओएचपीपेक्षा सरस आहे. दोहोंची बेरीज करून तिला कॉर्टिसोलने भागले, तर फरक आणखी स्पष्ट होतो.

आकडे वाचण्याआधी एकक बघा. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे १०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजेच सुमारे ३ नॅनोमोल प्रति लिटर. ६० मिनिटांचे १७-ओएचपी १,००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले, तर प्रश्न बहुधा नुसता वाहक असण्याचा राहत नाही. सौम्य स्वरूपाचा सीएएच असू शकतो. थोडे वाहकही या रेषेच्या जरा पुढे जातात, म्हणून सीमेवरचा निकाल जनुक तपासणीनेच सोडवायचा. वाहकांचे आकडे बहुधा २०० ते १,००० या पट्ट्यात येतात. अडचण खालच्या टोकाला आहे: कित्येक खरे वाहक तिथे निरोगी लोकांत मिसळून जातात. चढलेला आकडा संशय बळकट करतो. साधा आकडा कुणालाही वाहक नसल्याची हमी देत नाही. ‘नॉर्मल’ शिक्का बघून जोडप्याला निश्चिंत करणे, ही या चाचणीच्या वापरातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

शेवटचा शब्द जनुकाचा. पण सीवायपी२१ए२ शेजारीच त्याच्यासारखे दिसणारे, निकामी छद्मजनुक असते. प्रयोगशाळा दोन्ही वेगळे ओळखते का, आणि जनुकक्रमाबरोबर जनुकातले मोठे गळालेले तुकडे शोधणारी एमएलपीए ही चाचणी करते का, हे विचारा. काहींच्या एकाच गुणसूत्रावर या जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यातली एक बिघडली तरी दुसरी काम भागवते आणि माणूस उगीच वाहक ठरतो. अशा वेळी त्याच्या आई-वडिलांचे नमुने लागतात. नातेवाइकाची तपासणी असेल, तर रुग्णात सापडलेल्या बिघाडाचा अहवाल सोबत द्या. काम नेमके तेवढ्यावर होते. जोडीदाराचे मात्र पूर्ण जनुक वाचावे लागते.

गर्भ आधीच राहिला असेल, तर एसीटीएच चाचणीत वेळ घालवू नका. गरोदरपणात हार्मोनचे आकडे तसेही बदललेले असतात. दोघांचेही रक्त त्याच आठवड्यात जनुक तपासणीला पाठवा आणि जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या.