खांद्यातली नस दबली असेल तर: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर

खांद्याच्या मागे खोलवर ठणका लागतो, फळीवरचा डबा उतरवताना हात लटपटतो आणि ‘फ्रोझन शोल्डर’ (आखडलेला खांदा) समजून महिनोन्महिने शेक-मालिश चालू राहते. अशा काही रुग्णांत खरे दुखणे सुप्रास्कॅप्युलर या नसेचे असते. ही नस मानेतून निघून खांद्याच्या पात्याच्या वरच्या काठावरील खाचेतून, एका आखूड अस्थिबंधाखालून मागे येते आणि हात उचलणाऱ्या व बाहेर फिरवणाऱ्या दोन स्नायूंना चालवते.

प्रथम घरच्या कोणाकडून उघड्या पाठीचा फोटो काढून घ्यावा. पात्यावर हाताला लागणाऱ्या आडव्या उंचवट्याच्या वर आणि खाली दुखऱ्या बाजूला खळगा दिसला, तर दाब बहुधा वरच्या खाचेत असतो. खळगा फक्त खाली असेल, तर तो नसेच्या वाटेवरच्या पुढील, दुसऱ्या खाचेत असण्याची शक्यता अधिक, आणि तिथे अनेकदा सांध्याची कड फाटून तयार झालेली पाण्याची गाठ सापडते. नंतर कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवावे आणि समोरच्याच्या तळव्यावर हात बाहेर ढकलून दोन्ही बाजूंची ताकद ताडून पाहावी. यावरून निदान होत नाही. त्यासाठी एमआरआय आणि ईएमजी-एनसीव्ही (नस व स्नायूंतील विद्युत संदेश मोजणारी तपासणी) लागतात.

गाठ नसेल आणि स्नायू झिजलेला नसेल, तर आधी काही महिने फिजिओथेरपी करावी व डोक्यावरून हात फेकण्याचे खेळ, विशेषतः व्हॉलीबॉल, थांबवावेत. मात्र खळगा वाढत असेल तर वाट पाहणे मला धोक्याचे वाटते, कारण फार काळ झिजलेला स्नायू पूर्ववत होईलच असे नाही.

फ्रेंच शल्यचिकित्सक लॉराँ लाफोस यांनी २००७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत लहान छिद्रांतून दुर्बीण घालून तो अस्थिबंध कापतात. रक्तवाहिनी सहसा बंधावरून आणि नस खालून जाते, म्हणून आधी वाहिनी अलगद बाजूला धरावी लागते. ‘ही शस्त्रक्रिया आपण नेहमी करता का?’ हे डॉक्टरांना संकोच न करता विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह आणि उपाशी राहण्याची वेळ यांविषयी भूलतज्ज्ञांशी आधीच बोलावे.

केवळ नस मोकळी केली असेल तर हात गळ्यात अडकवायची झोळी बहुधा थोडेच दिवस लागते, सांध्याची कड शिवली असेल तर काही आठवडे. ठणका आधी ओसरतो, ताकद मागाहून येते. नसेचे तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. ताप, जखमेतून पू किंवा भुलीचा असर उतरल्यावरही टिकलेला बधिरपणा दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.