एडिटिंग सॉफ्टवेअर सारखं उडतंय? या चुका टाळा

"दादा, प्रीमियर उडालं."

लगीनसराईत, लग्नाच्या फिल्मा बनवणाऱ्या आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या दोन टेबलांच्या स्टुडिओत हे वाक्य रोज ऐकू येतं. प्रीमियर म्हणजे आमचं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर, आणि उडालं म्हणजे काम चालू असताना अचानक बंद पडलं. पुढचा प्रश्नही ठरलेला: "अनइन्स्टॉल करून परत टाकू का?" नको रे बाबांनो. क्लिप तीच, ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर तोच, सी ड्राइव्ह तितकाच भरलेला. सॉफ्टवेअर नवं टाकून काय होणार?

मे महिन्यातली गोष्ट. रिसेप्शन घोडबंदर रोडला, संध्याकाळी सातला, आणि हळदीची २४ मिनिटांची फिल्म तिथल्या स्क्रीनवर लावायची होती. मी जेवायला घरी गेलो. परत आलो तेव्हा तीन वाजले होते आणि स्टुडिओत काम करणारं पोरगं सॉफ्टवेअर नव्याने इन्स्टॉल होण्याची वाट बघत बसलं होतं. एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फिल्मची फाइल बाहेर काढणं, ६३ टक्क्यांवर बंद पडत होतं म्हणे. इन्स्टॉल झालं, एक्स्पोर्ट लावलं, पुन्हा ६३ ला गचकलं. दोन तास पाण्यात.

अशा वेळी मी टाइमलाइन, म्हणजे क्लिपा ओळीने मांडलेली पट्टी, अर्धी करतो. इन-आउटच्या खुणा (कुठून कुठपर्यंत) लावून पहिली १२ मिनिटं एक्स्पोर्ट केली, नीट झाली. म्हणजे घोळ पुढच्या बारा मिनिटांत. मग त्यातली सहा, मग तीन, मग दीड, मग पाऊण मिनिट. टक्क्यांवरून जागा शोधू नका. ६३ टक्के म्हणजे टाइमलाइनचा ६३ टक्के भाग असेलच असं नाही. पाच फेऱ्यांत चोर सापडला: नवरीच्या मामेभावाने मोबाइलवर काढलेली, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नऊ सेकंदांची क्लिप, आणि वर लावलेला वॉर्प स्टॅबिलायझर, म्हणजे हलणारं चित्र स्थिर करणारा इफेक्ट. मामी हळद फासताना हसतायत, एवढंच तिच्यात.

मोबाइलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, स्थिर नसतो. उजेड कमी झाला की फोन फ्रेम कमी करतो, फाइलवर मात्र ३० लिहिलेलं असतं. एडिटिंग सॉफ्टवेअरला हे नेहमी पचत नाही. कधी आवाज ओठांच्या मागे राहतो, कधी अख्खं सॉफ्टवेअर बसतं. ती क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून २५ फ्रेमला, 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून काढली, जागेवर ठेवली आणि फिल्म एका दमात बाहेर आली. पेनड्राइव्ह खिशात टाकून स्कूटरवरून माजिवड्याचा सिग्नल ओलांडताना जे शब्द तोंडातून निघाले ते इथे लिहिता येणार नाहीत. तेव्हापासून पाहुण्यांच्या क्लिपा 'मोबाइल' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. रात्री हँडब्रेक लावून आम्ही घरी जातो, सकाळी इम्पोर्ट करतो. "एकच तर क्लिप आहे" म्हणून थेट टाइमलाइनवर टाकणाऱ्याला त्या दिवसाचा चहा पाजावा लागतो.

दुसरी लाडकी चूक म्हणजे गच्च भरून लाल झालेला सी ड्राइव्ह. प्रीमियर प्रत्येक क्लिपच्या ध्वनीच्या वगैरे फाइली बनवून कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतं, आणि मुळात ही कॅश सी वरच असते. मागे एक लॅपटॉप माझ्याकडे आला, २५६ जीबीची एसएसडी (वेगवान ड्राइव्ह), त्यात ११० जीबी निव्वळ कॅश. मालक रॅम वाढवायला निघाला होता! प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅश उघडा, जागा दुसऱ्या एसएसडीवर द्या, जुनी कॅश पुसा. मूळ फुटेजला धक्का लागत नाही. सॉफ्टवेअर त्या फाइली पुन्हा बनवतं. मी प्रत्येक लग्नाची डिलिव्हरी झाली की पुसतो, भांडी घासल्यासारखी.

टायटल टाइप करतानाच उडतंय? मग फॉन्टकडे बघा. 'शुभविवाह'साठी कुठून तरी आणलेले पाचशे मराठी फॉन्ट एकदम टाकायची काय हौस असते कळत नाही. चार ठेवा, बाकी काढा. जोडाक्षरं तुटत असतील तर तो आजार वेगळा: ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर गेमसाठीच्या 'गेम रेडी'ऐवजी 'स्टुडिओ' ड्रायव्हर टाका, आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी काहीही अपडेट करू नका. पेनड्राइव्हवर किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावर थेट एडिट करू नका. ड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीला एक्स्पोर्ट अडणारच, त्यात त्याहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट करा, पण फॉरमॅटआधी डेटा काढून घ्या. इंटेलचे १३व्या-१४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर बायॉस (मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) अपडेट करा. त्यांच्यात व्होल्टेजची गडबड होती आणि तिच्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरची दुरुस्ती) ऑगस्ट २०२४ मध्ये आला. मे महिन्यात कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधली धूळ काढा. यूपीएसवर पैसे वाचवू नका.

क्रॅक, म्हणजे चोरीचं व्हर्जन वापरत असाल तर मला विचारूच नका. आत कोणी काय घातलंय ते मला कसं कळणार? पैसे नसतील तर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आहे. पेड इफेक्ट टाळले तर वॉटरमार्क येत नाही, अल्ट्रा एचडीही बाहेर पडतं. शिकायला दोन आठवडे जातील, पण तेवढा धीर कुणाला आहे?

एवढं करूनही उडालं, तर विंडोजमध्ये बिघाडांची नोंद दाखवणारा रिलायबिलिटी मॉनिटर उघडा. लाल फुलीवर क्लिक करून खाली 'व्ह्यू टेक्निकल डिटेल्स' उघडलं की 'फॉल्ट मॉड्यूल नेम'ची ओळ दिसते. तिथलं नाव 'एनव्ही'ने सुरू होत असेल तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. त्या ओळीचा फोटो काढा आणि मगच मला फोन करा. "काहीच केलं नव्हतं दादा, आपोआप बंद पडलं" ऐकून मी हल्ली फक्त "हं" म्हणतो.