पहिल्या पावसात कोळंबीची चरबी सांभाळा

मृगाचा पाऊस लागला की कोकणातल्या खाड्यांचं पाणी झपाट्याने गोडं होत जातं. कोळंबीच्या तळ्याचंही तेच. 30 पीपीटीच्या (लिटरमागे साधारण 30 ग्रॅम क्षार), सव्वा मीटर खोल तळ्यात 200 मिलिमीटर पाऊस पूर्ण मिसळला तर क्षारता 26 च्या आसपास येते. पण तो लगेच मिसळत नाही. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. म्हणून रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायच्या यंत्राने) वरचं आणि तळाचं असं दोन्हीकडचं पाणी मोजा.

व्हॅनामेई या तळ्यात पाळल्या जाणाऱ्या कोळंबीचं रक्त साधारण 25 पीपीटीच्या पाण्याइतकं खारं असतं. त्याच्या आसपास तिला तोल राखायला फारसे कष्ट पडत नाहीत. पाणी त्याहून बरंच गोडं झालं की ते अंगात शिरतं, क्षार बाहेर जातात आणि ते परत ओढून घ्यायला कल्ल्यांना रात्रंदिवस राबावं लागतं. त्यासाठी लागणारी ताकद येते ती बरीचशी हेपॅटोत (डोक्यातल्या, यकृतासारखं काम करणाऱ्या पचनग्रंथीत) साठवलेल्या चरबीतून. वाढीसाठी मग काय उरणार?

चेक ट्रेमधल्या (खाद्य खाल्लं का ते बघायला तळ्यात ठेवलेल्या ताटलीतल्या) चार-पाच कोळंब्या उजेडाकडे धरून बघा. डोक्याच्या कवचाआडून हेपॅटो गडद तपकिरी, कडा ठळक दिसली तर ठीक. फिकट आणि आक्रसलेली दिसली तर साठा संपत आला असं समजा. रोगातही असंच दिसतं, म्हणून नमुना प्रयोगशाळेत द्याच.

चरबी घटली म्हणून खाद्य वाढवू नका. मुसळधार पावसात कोळंबीची भूक मंदावते, उरलेलं खाद्य तळाशी कुजतं. त्या दिवशी खाद्य कमी करा. कोलेस्टेरॉल कोळंबी स्वतः बनवू शकत नाही आणि कात टाकायला ते लागतंच, म्हणून खाद्याच्या दर्जात काटकसर नको. वरून तेल चोळायचं असेल तर जपून: खाद्यातली एकूण चरबी 10 टक्क्यांपुढे गेली की वाढ उलट खुंटते.

उघाडीच्या (तळ्याचं पाणी सोडायच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून पृष्ठभागाचं गोडं पाणी जाऊ द्या, जाळी मात्र घट्ट हवी. रात्री एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद ठेवू नका. बांधावर चुना पाऊस यायच्या आधीच पसरा.

बोअरवेलचं पाणी मिसळणाऱ्यांनी पोटॅशियम तपासावं. पावसाने पातळ झालेल्या खाडीच्या पाण्यात क्षारांचं आपसातलं प्रमाण फारसं बिघडत नाही, बोअरच्या पाण्यात बऱ्याचदा पोटॅशियमच कमी असतं. क्षारतेला 10.7 ने गुणा, तेवढे मिलिग्रॅम पोटॅशियम दर लिटरला हवं. सव्वा मीटर खोल, एक एकर तळ्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅमची तूट भरायला जवळपास 100 किलो म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियमचं खत) लागतं. ते दोन-तीन हप्त्यांत द्या.

माल काढायचा असेल तर मोठ्या सरीनंतर लगेच जाळं टाकू नका. तेव्हा बऱ्याच कोळंब्या कात टाकतात, मऊ कवचाच्या मालाला व्यापारी भाव पाडतो. दोन-तीन दिवस थांबा, बोटाने दाबून कवच कडक लागलं की मगच काढा.